सिगारेटच्या फिल्टरपासून तंबाखूच्या मुळापर्यंत

एका वाचकाने विचारलं आहे: सिगारेट म्हणजे कागदात गुंडाळलेली तंबाखू, मग तिच्यावर एवढी पेटंटं कसली? त्यांचे वडील बरीच वर्षं 'लाइट', म्हणजे हलकी म्हणवणारी, सिगारेट ओढतात. वडिलांचं म्हणणं असं की आता फिल्टर सुधारलेत, पूर्वीइतका अपाय होत नाही. शिवाय तंबाखूच्या जनुकांत फेरफार करून निकोटिन जवळजवळ काढून टाकलेली झाडं तयार झाली आहेत, हेही त्यांच्या वाचनात आलं. मग सिगारेट कधीतरी निर्धोक होईल का?

मी आधी पानाच्या रसायनावर आणि पुढे धुराच्या चाचण्यांवर, असं मिळून २८ वर्षं काम केलं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही होणार. पान जाळायचं आणि त्याचा धूर फुप्फुसात भरायचा, हे जोवर चालू आहे तोवर तो धूर निर्धोक करण्याची युक्ती कोणाला सापडलेली नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत सिगारेटमध्ये जे शोध लागले, त्यांतले बहुतेक एकाच कामी आले. घशाला न बोचता निकोटिन खोलवर कसं पोचवायचं, हे ते काम. झाडातला फेरफार मात्र दोन्ही दिशांनी जाऊ शकतो, आणि गेलेलाही आहे. त्यावर जास्त लिहितो, पण सुरुवात पान वाळवायच्या भट्टीपासून करावी लागेल, कारण भट्टी समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

१८३९ सालची गोष्ट. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या कॅसवेल काउंटीत अबायशा स्लेड नावाच्या शेतमालकाकडे स्टीफन हा गुलाम तरुण पान वाळवायच्या कोठीत विस्तव राखत होता. हकिकत अशी सांगतात की त्याचा डोळा लागला, विस्तव विझत आला, आणि घाईघाईने त्याने त्यावर लोहारकामाचा कोळसा टाकला. कोठी एकदम तापली. सकाळी पाहतात तो पानं तपकिरी न होता पिवळीधमक झालेली. पुढे हीच रीत पक्की झाली. विस्तव बाहेर ठेवून लोखंडी नळ्यांतून नुसती उष्णता कोठीत फिरवायची, धूर पानाला लागू द्यायचा नाही.

रंग ही त्यातली वरवरची गोष्ट. तोडलेलं पान लगेच मरत नाही. भट्टीत पहिले एक-दोन दिवस ३५ ते ४० अंश सेल्सियसला ते जिवंतच असतं, आणि त्यातल्या पिष्टाची साखर होत असते. सावलीत टांगून ठेवलेल्या पानात हेच सहा-आठ आठवडे चालतं, आणि पान श्वसन करता करता ती साखर खाऊन टाकतं. भट्टीत मात्र साखर तयार झाली की उष्णता चढवतात, ७० अंशांच्या पुढे नेतात. पान मरतं आणि साखर जिथल्या तिथे अडकून राहते. असं पान जळलं की साखरेपासून आम्लं तयार होतात आणि धुराचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ६ किंवा त्याहून थोडा खाली येतो. सावलीत वाळवलेल्या गडद पानाचा, म्हणजे सिगारच्या जातीचा, धूर त्याउलट अल्कधर्मी असतो.

आता निकोटिनकडे बघा. निकोटिन स्वतः अल्क आहे. धुराचा सामू ८ च्या आसपास असेल तर जवळजवळ निम्मं निकोटिन मोकळ्या रूपात असतं. मोकळं निकोटिन घशाला झोंबतं, ठसका आणतं, पण तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात उतरतं. म्हणून सिगार ओढणाऱ्याला धूर आत घ्यावा लागत नाही आणि सहसा घेववतही नाही. सामू ६ ला आणा, मोकळ्या निकोटिनचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास येतं. धूर मऊ लागतो, पण तोंडातून फारसं काही शोषलं जात नाही. तलफ भागवायची तर धूर फुप्फुसातच न्यावा लागतो. तिथे शोषणारा पृष्ठभाग प्रचंड, रक्ताचा सामू ७.४, म्हणजे आम्लात बांधलेलं निकोटिन पुन्हा सुटतं, आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. व्यसन ज्या वेगामुळे जडतं, तो वेग इथे आला. फुप्फुसाचा कर्करोग पूर्वी डॉक्टरांना क्वचितच दिसायचा, तो विसाव्या शतकात घरोघरी पोचला त्याचीही वाट इथूनच जाते. सिगारेटच्या इतिहासात याहून घातक शोध झाला नाही असं माझं मत आहे. शोध लावणाऱ्याला त्याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

बाकीचे तुकडे पटापट जुळत गेले. १८६४ मध्ये ओहायोत बर्ली या तंबाखूच्या जातीच्या रोपांत एक फिकट, हरितद्रव्य कमी असलेलं रोप आपोआप उगवलं. त्याची पांढरी बर्ली जात झाली. तिच्या वाळलेल्या पानात साखर जवळजवळ नसते, पण पान स्पंजासारखं असल्याने वरून दिलेला रस भरपूर पितं. त्यात ज्येष्ठमध, कोको, साखर मुरवता येते. १८८१ मध्ये जेम्स बॉन्सॅकला सिगारेट वळण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. ते दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी काढायचं, म्हणजे एका यंत्रात पन्नास-साठ तरबेज कारागिरांचं काम. तंबाखू कारखानदार जेम्स ड्यूक यांनी ते यंत्र उचललं आणि धंदाच आपल्याकडे ओढला. १९१३ मध्ये 'कॅमल' ही सिगारेट आली. भट्टीचं पान, बर्ली आणि तुर्की पान असं मिश्रण तिने रूढ केलं, आणि जगभरच्या पुष्कळ सिगारेटींचा पाया आजही तोच आहे.

कागदाबद्दल लोक कधी विचारत नाहीत, पण तोही साधा नसतो. त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, राख पांढरी पडावी आणि कागद सच्छिद्र राहावा म्हणून. जळण्याचा वेग राखायला सायट्रेटचे क्षार असतात. अलीकडच्या कागदावर ठरावीक अंतराने कमी सच्छिद्र पट्टे असतात. झुरका घेतला नाही तर विस्तव त्या पट्ट्याशी येऊन विझावा, गादीवर पडलेल्या सिगारेटीने घर पेटू नये, हा त्याचा हेतू. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये, युरोपीय संघाने २०११ मध्ये अशी सिगारेट सक्तीची केली. ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला याचा उपयोग नाही, पण आगींच्या बाबतीत हा प्रामाणिक शोध आहे.

आतली सगळी तंबाखूही पानाचीच असते असं नाही. देठ, शिरा, चुरा, धूळ यांचा लगदा करून कागदासारखे ताव काढतात, ते चिरून मिश्रणात घालतात. हा ताव बनवताना अमोनियाचे क्षार वापरले की पेक्टिन सुटतं आणि ताव घट्ट धरतो. तोच अमोनिया धुरातलं थोडं निकोटिन मोकळं करतो आणि साखरेशी मिळून चवही बदलतो. १९६० च्या दशकात 'मार्लबरो'मध्ये ही रीत आली आणि प्रतिस्पर्धी तिचा उलगडा करत बसले. अमोनियाने निकोटिनचा झटका नक्की किती वाढतो यावर रसायनशास्त्रज्ञांत वाद आहे. मला स्वतःला अमोनियाचा गाजावाजा जरा जास्त वाटतो. भट्टीने केलेल्या कामापुढे तो फोडणीपुरता आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तंबाखू फुगवण्याच्या पद्धतीही आल्या. पानाच्या पेशींत कोरड्या बर्फाचा वायू भरायचा आणि एकदम तापवायचं, की चिरलेली तंबाखू लाहीसारखी फुलते. तेवढीच नळी कमी तंबाखूत भरते.

आता फिल्टर. वडिलांचा भरवसा ज्याच्यावर आहे तो.

१९५० मध्ये इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी, अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५३ मध्ये धुराचा टार, म्हणजे धुरातला चिकट काळपट अंश, उंदरांच्या पाठीला फासून गाठी उठलेल्या दिसल्या. लोक घाबरले, आणि त्या भीतीवर उत्तर म्हणून फिल्टर पुढे आला. फिल्टरची कल्पना जुनी होती. बोरिस आयवाझ या हंगेरियन संशोधकाने १९२५ मध्येच क्रेप कागदाच्या फिल्टरचं पेटंट घेतलं होतं. पण खप वाढला तो भीतीनंतर. १९५२ मध्ये 'केंट' सिगारेट आली, तिच्या फिल्टरची मोठी वाखाणणी झाली. त्या फिल्टरमध्ये क्रोसिडोलाइट होतं, म्हणजे निळं अॅस्बेस्टॉस, त्या खनिजाच्या सगळ्यांत घातक जातींपैकी एक. १९५६ पर्यंत ते वापरात होतं. फिल्टरचा माल बनवणाऱ्या कारखान्यात १९५३ मध्ये काम केलेल्या ३३ पुरुषांचा पुढे मागोवा घेतला गेला. त्यांच्यात सुमारे ८ मृत्यू अपेक्षित धरले होते, प्रत्यक्षात २८ जण गेले होते. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. आरोग्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूने ती बनवणाऱ्यांचे जीव घेतले. तो आकडा मला आजही वाचवत नाही.

नंतर स्थिरावला तो सेल्युलोज अॅसिटेटचा फिल्टर. दिसायला कापूस, प्रत्यक्षात प्लास्टिकचे हजारो बारीक तंतू. एका फिल्टरमध्ये बारा हजारांहून जास्त तंतू असतात. ते पांढरे दिसावेत म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड, एकमेकांना चिकटावेत म्हणून ट्रायअॅसिटिन. काही कण अडतात, हे खरं. पण कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू सरळ निघून जातात. आणि ओढून झाल्यावर फिल्टर तपकिरी होतो, तो बघून माणसाला वाटतं, 'बघा, केवढी घाण अडवली!' १९५३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीतल्या क्लॉड टीग या रसायनशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट कागदावर मांडली होती. सामू बदलला की रंग बदलेल असा पदार्थ फिल्टरमध्ये घालता येईल. गाळण्यात त्याने फरक पडणार नाही, पण विक्रीला फायदा उघड आहे, असा त्या टिपणाचा आशय होता. फिल्टरच्या बाहेरचा कागदही पाहा. त्यावरचे तपकिरी ठिपके म्हणजे बुचाच्या लाकडाची नक्कल, कारण कोणे एके काळी टोकाला खरंच बूच लावत असत.

पण 'लाइट'चं मर्म फिल्टरच्या तंतूंत नाही, भोकांत आहे. सिगारेट उजेडासमोर धरून फिल्टरवरचा कागद बारकाईने पाहा. तोंडाच्या टोकापासून साधारण १२ मिलिमीटरवर सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांची रांग गोल फिरलेली दिसेल. झुरका घेतला की या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. अतिहलक्या प्रकारांत झुरक्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग नुसती हवा असू शकतो. पाकिटावरचा टारचा आकडा कमी झाला तो मुख्यतः या छिद्रांमुळे, तंबाखू बदलल्यामुळे नव्हे.

तो आकडा कसा काढत, ते मी वर्षानुवर्षं रोज पाहिलं आहे. सिगारेटी आधी ४८ तास २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या. मग यंत्राच्या तोंडांत एकेक बसवायची. यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांत. मागे पांढरी गोल चकती असते, तिच्यावर टार साचतो. नव्या चकतीचा पांढरेपणा पहिल्या दोन-तीन झुरक्यांतच जातो, शेवटी ती गंजाच्या रंगाची होते, मग तिचं वजन करायचं. हे झुरक्याचं माप १९३० च्या दशकातलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यालाच अधिकृत पद्धतीचं रूप दिलं. यंत्र फिल्टरला अगदी टोकाशी धरतं, छिद्रं मोकळी राहतात. माणूस तसं धरत नाही. त्याची बोटं आणि ओठ छिद्रांवरच येतात. शिवाय यंत्राला तलफ नसते. माणसाला धूर पातळ लागला की तो जोरात ओढतो, खोल ओढतो, लवकर लवकर ओढतो, किंवा एकावर एक दुसरी पेटवतो.

आमच्याकडे एकदा लोकांनी ओढून टाकलेली थोटकं डब्यांतून आली. लिन कोझ्लोव्स्की या संशोधकांनी १९८० मध्ये एक सोपी तपासणी सुचवली होती, ती करायची होती. थोटकाचं तोंडाकडचं टोक भिंगाखाली धरायचं आणि डाग कसा आहे ते पाहायचं. छिद्रं मोकळी राहिली असतील तर मधोमध तपकिरी ठिपका आणि भोवती फिकट कडं दिसतं, कारण कडेने हवा शिरलेली असते. छिद्रं झाकली गेली असतील तर डाग कडेपर्यंत एकसारखा पसरतो. अर्धी झाकली असतील तर एका बाजूला चंद्रकोर उमटते. मी दुपारभर ती थोटकं चिमट्याने उचलून तीन ताटांत वेगळी करत बसलो होतो. चंद्रकोरींचं आणि कडेपर्यंत माखलेल्यांचं ताट भरत गेलं. ज्या पाकिटांवर मी स्वतः मोजलेले कमी आकडे छापलेले होते, त्याच सिगारेटींची ती थोटकं होती. माझं मोजमाप अचूक होतं आणि तरी त्या आकड्याला माणसाच्या बाबतीत अर्थ नव्हता, हे त्या दिवशी हातात धरून पाहिलं. पुढे सगळ्या छिद्रांवर पट्टी लावून, ५५ मिलिलिटरचा झुरका, दर ३० सेकंदांनी, अशी कडक पद्धत आली. तिने अनेक 'हलक्या' सिगारेटी नेहमीच्यांच्या शेजारी येऊन बसल्या. २००८ मध्ये व्यापार आयोगाने जुन्या पद्धतीचा पाठिंबाच काढून घेतला.

याहून वाईट बाब पुढची. २०१४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या, अहवालाने निष्कर्ष काढला की १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत जे बदल झाले त्यांनी फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमाचा धोका वाढवला. हा कर्करोग फुप्फुसाच्या कडेच्या, खोल भागात होतो. धूर मऊ आणि पातळ झाला, म्हणून तो जास्त खोल ओढला जाऊ लागला, हे त्याचं एक स्पष्टीकरण. त्यामुळे तुमच्या वडिलांना कोणी 'फिल्टर सुधारलेत' असं सांगत असेल, तर सुधारणा कोणत्या बाजूने झाली ते विचारायला हवं.

मेंथॉलबद्दल थोडक्यात. १९२० च्या दशकात ओहायोतल्या लॉइड ह्यूजने ते सिगारेटीत आणलं. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, त्यामुळे घशाची जळजळ झाकली जाते. नवशिक्याचा पहिला ठसका शरीराने दिलेला इशारा असतो, मेंथॉल तो दाबतं. युरोपीय संघाने मे २०२० पासून मेंथॉल सिगारेट बंद केली, ते योग्यच झालं.

आता झाड. तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे.

निकोटिन पानात सापडतं, पण बनतं मुळांत. १९४० च्या दशकात रे डॉसन यांनी कलमं करून हे दाखवलं. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बांधला तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन आलं. टोमॅटोच्या मुळावर तंबाखू बांधली तर तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ आलंच नाही. मुळांतून ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पानाच्या पेशींत साठतं. झाडाच्या दृष्टीने ते कीटकनाशक आहे. अळीने पान कुरतडलं की झाडात जॅस्मोनेट हे संप्रेरक वाढतं आणि मुळं जास्त निकोटिन बनवतात. शेतकरी फुलोऱ्याचा शेंडा खुडतो तेव्हा झाडाला तीच जखम वाटते. शेंडा खुडून, बगलफुटी काढून टाकल्या की पानं जाड होतात आणि निकोटिन चढतं. ज्याने हे काम केलं आहे त्याला हातावरचा तो काळा, चिकट थर माहीत असतो, साबणाने लवकर जात नाही. दवाने ओल्या पानांतून निकोटिन कातडीतून शिरतं, गरगरतं, उलट्या होतात. धूर न ओढताही या झाडाची ताकद कळते ती अशी.

तंबाखू ही मुळात दोन रानटी जातींचा निसर्गाने केलेला संकर आहे. निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस आणि निकोटियाना टोमेंटोसिफॉर्मिस, दोघींची २४-२४ मिळून ४८ गुणसूत्रं. म्हणून तिच्या बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन जोड्या असतात. एक बंद केली तरी दुसरी काम चालू ठेवते, आणि त्याने पैदासकाराचा जीव मेटाकुटीला येतो. तरीही प्रयोगशाळेत या झाडाइतकं सोशीक दुसरं नाही. विषाणू ही गोष्टच तंबाखूच्या केवडा रोगातून, म्हणजे मोझॅइकमधून, कळली. ऊतीसंवर्धनाचं मुराशिगे-स्कूग माध्यम १९६२ मध्ये तंबाखूसाठीच तयार झालं. १९८३ मध्ये परकं जनुक घातलेली पहिली झाडं केली तीही तंबाखूचीच.

फेरफार वाढवण्याकडे कसा जातो, याचं उदाहरण वाय-१ हे वाण. ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकी कंपनीने ते तयार करवलं. वाळलेल्या पानात ६ टक्क्यांच्या पुढे निकोटिन, म्हणजे नेहमीच्या भट्टीच्या पानाच्या जवळपास दुप्पट. बियाणं ब्राझीलला नेऊन तिथे पीक घेतलं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी जून १९९४ मध्ये संसदीय समितीपुढे हे उघड केलं. कंपनीचं म्हणणं, टार कमी केला की निकोटिनही घटतं, ते भरून काढायला मिश्रणात हे पान लागतं. वर सांगितलेल्या 'लाइट'शी याची सांगड घालून पाहा: छिद्रांनी धूर पातळ करायचा आणि पान तेज करायचं. बियाणं तयार करणाऱ्या जैवतंत्रज्ञान कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये बियाणं बेकायदा देशाबाहेर नेण्याच्या कटातला गुन्हा कबूल केला.

उलट दिशेने गेलेली वाट जास्त आशेची आहे. निकोटिन कमी असलेली बर्ली जुन्या क्यूबन सिगार जातींतून साध्या संकराने बऱ्याच आधी आली होती. त्यात गुणसूत्रांवरच्या दोन जागा महत्त्वाच्या, निक-१ आणि निक-२. निक-२ च्या जागी मुळांतल्या निकोटिनची सूत्रं हलवणाऱ्या जनुकांचा एक गटच गळालेला असतो, हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. दुसरी रीत थेट जनुकाची: निकोटिन बनवताना लागणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडायचं. असं पान वापरून 'क्वेस्ट' नावाची सिगारेट जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांत आली. त्याआधी १९८९ मध्ये फिलिप मॉरिसने कॉफीतून कॅफिन काढतात त्या पद्धतीने निकोटिन काढलेली सिगारेट आणून पाहिली होती. दोन्ही चालल्या नाहीत. शेजारच्या फळीवर नेहमीची सिगारेट असताना निकोटिन नसलेली कोण घेणार?

शेतातही अडचणी येतात. निकोटिन काढलेलं झाड किडीला उघडं पडतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात रानटी तंबाखूवर हाच प्रयोग केला तेव्हा निकोटिन बंद केलेल्या झाडांची पानं जास्त खाल्ली गेली. कमी निकोटिनच्या बर्लीचं पानही नीट पिकत नाही, वाळल्यावर प्रत उतरते. आम्ही काही ओळी लावून पाहिल्या होत्या, त्यांची हिरवट राहिलेली पानं मला अजून आठवतात.

पण माणसावर होणारा परिणाम वेगळा आहे, आणि 'लाइट'शी त्याची गल्लत करू नका. 'लाइट' सिगारेटीतल्या तंबाखूत निकोटिन पूर्ण असतं, दहा-बारा मिलिग्रॅम. शरीरात जातं साधारण एक-दीड. म्हणजे विहीर भरलेली आहे, फक्त दोर आखूड केला आहे. तहानलेला माणूस वाकून पाणी काढतोच. पानातूनच निकोटिन काढलं तर विहीरच कोरडी. कितीही जोरात ओढा, छिद्रं दाबा, हाती काही लागत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८४० धूम्रपान करणाऱ्यांना सहा आठवडे वेगवेगळ्या सिगारेटी दिल्या. ग्रॅमला १५.८ मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या गटात रोजच्या सरासरी २१.३ सिगारेटी झाल्या, ०.४ मिलिग्रॅमच्या गटात १४.९. लोकांनी भरपाई म्हणून जास्त ओढल्या नाहीत, उलट कमी ओढल्या.

धूर मात्र तोच. कमी निकोटिनच्या सिगारेटीतही टार आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, सगळी घातक रसायनं आहेत. ती ओढत राहणं सुरक्षित नाही. तिचा उपयोग एवढाच की तलफ सैल होते आणि सुटण्याची शक्यता वाढते, आणि तोही बाजारात दुसरी सिगारेट नसेल तर. न्यूझीलंडने २०२२ मध्ये ग्रॅमला ०.८ मिलिग्रॅमची मर्यादा घालणारा कायदा केला, २०२४ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ०.७ मिलिग्रॅमचा प्रस्ताव मांडला. न्यूझीलंडचा कायदा मागे घेतला गेला त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. इतक्या वर्षांत झाडाच्या बाजूने आलेला तो एकच उपाय असा होता की जो ओढणाऱ्याच्या बाजूचा होता.

नायट्रोसामाइनांबद्दलही सांगायला हवं, कारण ती कमी असलेल्या पानाची 'शुद्ध तंबाखू' म्हणून जाहिरात होते. वाळवताना निकोटिन आणि त्याच्या भावंडांपासून एनएनएन, एनएनके ही कर्करोगकारक नायट्रोसामाइनं बनतात. भट्टीत गॅसचा जाळ थेट सोडला की नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे ती वाढतात. २००० च्या सुमारास अमेरिकेत जाळ वेगळा ठेवून नुसती उष्णता आत सोडण्याची व्यवस्था भट्ट्यांना बसवली, आणि पानातलं प्रमाण पुष्कळ उतरलं. म्हणजे स्टीफननंतर लोखंडी नळ्यांनी जे केलं होतं तेच पुन्हा. बर्लीत दुसरा उपाय सापडला: निकोटिनचं नॉरनिकोटिन करणारं सीवायपी८२ई४ हे जनुक निकामी असलेलं बियाणं. एनएनएन त्याने घटतं. ही दोन्ही कामं मला चांगली वाटतात, विशेषतः चघळण्याच्या तंबाखूत त्यांना अर्थ आहे. पण धुरात हजारो द्रव्यं आहेत, त्यांतलं एक-दोन कमी करून सिगारेट शुद्ध होत नाही.

तुमच्या वडिलांसाठी दोन गोष्टी. पुढची सिगारेट ओढून झाली की थोटकाचं टोक त्यांच्याबरोबर भिंगाखाली पाहा. डाग कडेपर्यंत गेला असेल तर त्यांना हलकेपणा मिळालेलाच नाही. आणि सोडायची इच्छा असेल तर निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम डॉक्टरांना विचारून वापरता येतात. त्यांत निकोटिन आहे, धूर नाही. इतकी वर्षं सिगारेटच्या रचनेत जी फारकत कोणी करून दाखवली नाही ती तिथे सहज झालेली आहे.

आणि उद्या एखादी नवी 'जनुक बदललेली' किंवा 'कमी निकोटिनची' सिगारेट समोर आली, तर धुरातला आकडा वाचू नका, तो यंत्राचा असतो. एका ग्रॅम पानात किती मिलिग्रॅम निकोटिन आहे ते विचारा. ०.४ च्या आसपास असेल तर झाडात खरोखर काहीतरी बदललं आहे. दहाच्या वर असेल तर बदल फक्त कागदात आणि भोकांत आहे.